तारामती कोण करणार?

जुन्या चित्रपटांविषयी गप्पा रंगल्या की नागपुरात, आणि बहुधा सगळ्याच गावांत, एका ठरावीक घाटाची गोष्ट हमखास सांगितली जाते. अमक्या मोठ्या नटाने भूमिका नाकारली, ती तमक्या अनोळखी नटाकडे गेली आणि त्याचे नशीब फळफळले. धरमपेठेतला दिवाणखाना असो की सीताबर्डीवरची चहाची टपरी, सांगणारा शेवटी ‘नशीब, दुसरे काय’ असे म्हणतो आणि ऐकणारे माना डोलावतात. मलाही या गोष्टी आवडतात. किंबहुना त्या गोळा करण्याचा मला छंदच आहे. तरीही नशिबापाशी येऊन थांबणारी गोष्ट मला अर्धवट वाटते. कोणाला विचारण्याची सोयच नव्हती, कोणाची जीभ त्या भाषेला वळत नव्हती, कोण दुसऱ्या कंपनीच्या करारात अडकले होते आणि वितरकाला पोस्टरवर कोणाचे नाव हवे होते, हे सारे पाहू लागले की लक्षात येते, पात्रनिवड पुष्कळदा त्या त्या काळाच्या अडचणींनीच केलेली आहे. मग जो माणूस हाती लागला त्याच्या मापाने भूमिका पुन्हा बेतावी लागली. मला रस आहे तो त्या बेतण्यात.

सुरुवात अर्थातच तारामतीपासून करायला हवी. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करीत होते, तेव्हा हरिश्चंद्रासाठी त्यांना फार वणवण करावी लागली नाही. दत्तात्रय दामोदर दाबके राजा झाले आणि रोहिदास तर घरातच होता, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. सारे अडले ते राणीपाशी. मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत आणि त्या पुरुषांचे प्रेक्षकांना भारी कौतुक असे. परंतु फाळक्यांना पडद्यावर खरी स्त्री हवी होती. नाटकाच्या पुढे गेलेले हे माध्यम कोणालाच ठाऊक नसताना घरंदाज स्त्री त्यात येणे शक्यच नव्हते. फाळके कोठ्यांवरही विचारून आले, तिथेही जमले नाही. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत काम करणारे, सडपातळ बांध्याचे आणि नाजूक हातांचे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेस पडले. साळुंक्यांना तिथे महिना १० रुपये मिळत असत, फाळक्यांनी १५ देऊ केले. भारतीय चित्रपटाची पहिली नायिका ५ रुपयांच्या वाढीवर मिळाली, हे वाचून हसू येते खरे, परंतु ज्या कामाला कोणी हातही लावायला तयार नव्हते, त्या कामाची ती रास्त किंमत असावी. स्त्रीवेषासाठी मिशी उतरवायला नटमंडळी राजी होईनात, कारण वडील हयात असताना मिशी काढणे अशुभ, असाही एक किस्सा सांगितला जातो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि प्रेक्षकांनी साळुंक्यांना तारामती म्हणून बिनतक्रार स्वीकारले.

त्यानंतर लगेच केलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये फाळक्यांना दोन स्त्रिया मिळाल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन कन्या कमला मोहिनी झाली. हीच कमला पुढे कमलाबाई गोखले म्हणून गाजली आणि विक्रम गोखले त्यांचे नातू. दुर्गाबाई आधीच फिरत्या नाटकमंडळीत काम करून पोट भरत होत्या. घरंदाजपणाचे जे काही हिरावून घ्यायचे ते समाजाने त्यांच्याकडून आधीच घेतलेले होते. त्यामुळे चित्रपटात येऊन गमावण्यासारखे त्यांच्यापाशी फारसे उरले नव्हते. पण एक अपवाद घडला म्हणून प्रथा बदलली असे झाले नाही. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये सीता पुन्हा अण्णा साळुंकेच झाले, आणि त्याच चित्रपटात रामही तेच. पुरुषाच्या देहाला जरी आणि वल्कले दोन्ही शोभवून दाखवण्याची ही करामत आज विनोदी वाटते. त्या काळी ती सोय होती.

हीच तारामती १९३२ मध्ये पुन्हा पडद्यावर आली, तेव्हा मधल्या १९ वर्षांत काय बदलले होते ते एका नावावरून कळते. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये व्ही. शांताराम यांनी ही भूमिका दुर्गा खोटे यांना दिली. मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबात जन्मलेली, उत्तम इंग्रजी शाळेत आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, तितक्याच प्रतिष्ठित खोटे घराण्यात सून म्हणून गेलेली ही तरुणी चित्रपटात आली ती सासरची आर्थिक घडी विस्कटल्यामुळे. त्याआधी १९३१ च्या ‘फरेबी जाल’मध्ये तिने एक लहानसे काम केले होते आणि त्यावरून बरीच नाचक्की झाली होती. दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती. शांतारामांनी मात्र तिच्या घराण्याचाच उपयोग करून घेतला असे मला वाटते. राज्य गेलेल्या राणीने काशीच्या बाजारात विकले जाताना मान कशी ठेवावी, हे त्या बाईला वेगळे शिकवावे लागले नसेल. तिच्या तारामतीला रडतानाही एक ताठपणा आहे. हरिश्चंद्र केला गोविंदराव टेंबे यांनी, ज्यांची खरी ओळख पेटीवादक आणि संगीतकार म्हणून होती. पार्श्वगायन तोवर आलेले नव्हते. ज्याचा चेहरा त्याचाच गळा लागत असे आणि म्हणून राजाच्या भूमिकेसाठी गाणारा माणूस शोधणे भागच होते. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला गेला, त्यामुळे त्याच नटांना दोन्ही भाषा पेलाव्या लागल्या.

बोलपटाने पात्रनिवडीची गणिते एका वर्षात कशी उलटीपालटी केली, याचे सर्वांत मजेशीर उदाहरण ‘आलम आरा’चे आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या या पहिल्या बोलपटासाठी अर्देशिर इराणी यांनी नायक म्हणून मास्टर विठ्ठल यांना घेतले. मेहबूब खान यांचेही नाव आधी चर्चेत होते. पण विठ्ठल हे मूकपटांतील मारधाडीचे मोठे नाव होते. ते ज्या कंपनीच्या करारात बांधलेले होते, तिने त्यांना कोर्टात खेचले आणि त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. खटला जिंकला. मग ध्यानात आले की या मराठी नटाच्या तोंडी उर्दू बसत नाही. एवढी यातायात करून आणलेल्या नायकाला पडद्यावर बराच काळ गुंगीत ठेवण्याची युक्ती निघाली, म्हणजे बोलायचा प्रश्नच नको. नायिका म्हणून सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांचे नाव होते. हिंदुस्थानीची सफाई नसल्याने तेही मागे पडले आणि झुबेदा आल्या. मूकपटाच्या काळात ज्यांच्या नावावर तिकिटे खपत होती, अशी किती माणसे या एका कारणाने बाजूला पडली असतील!

परंतु अडचणीतून भूमिका कशी उजळते हे पाहायचे असेल तर प्रभातच्याच ‘संत तुकाराम’कडे यावे लागते, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. १९३६ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी तुकारामाच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांना निवडले. पागनीस नाटकात स्त्रीभूमिका करीत आलेले. त्यांच्या हालचालींत आणि बोलण्यात तो मऊपणा मुरलेला होता आणि म्हणून शांतारामांना ही निवड पटत नव्हती, असे सांगतात. शंका अगदी रास्त होती. तुकोबांच्या अभंगात ‘नाठाळाचे माथी’ काठी हाणण्याची भाषा आहे. तिथे हा लाजरा, खालच्या पट्टीत बोलणारा माणूस काय करणार? दिग्दर्शकांनी पागनिसांचा मऊपणा काढून टाकण्याचा खटाटोप केला नाही. त्यांनी चित्रपटातला राग, संसाराची ओढ, रोखठोकपणा हे सगळे उचलून जिजाईच्या पदरात टाकले. तुकाराम जितका हळवा, तितकी जिजाई खणखणीत.

आणि ती जिजाई केली गौरी यांनी. प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामापासून सुरुवात करून, मग गर्दीतली कामे करत करत त्या मोठ्या भूमिकेपर्यंत आल्या होत्या. नाटकी शिक्षण नाही, शब्द तोलून मापून टाकण्याची सवय नाही. घरात दाणा नाही आणि नवरा टाळ घेऊन बसला आहे, हा तिचा संताप जसाच्या तसा येतो. नागपुरात एका फिल्म सोसायटीच्या खेळात मी हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिला, तेव्हा तुकारामाच्या अभंगांना लोक शांत बसून होते आणि जिजाईच्या प्रत्येक फटकाऱ्याला मागच्या रांगांतून हसू आणि दाद उठत होती. माझ्या शेजारी बसलेल्या एक आजी तर दर वेळी ‘बरोबर बोलली बाई’ असे पुटपुटत होत्या. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतो आणि जिजाई पृथ्वीवरच राहते, कारण मुलांच्या पोटात अन्न घालायला कोणीतरी हवे. पागनिसांच्या जागी एखादा दणकट, करारी नट असता तर जिजाईला इतकी जागा मिळाली नसती, असे माझे ठाम मत आहे. मुंबईच्या सेंट्रलमध्ये हा चित्रपट ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे पागनिसांचा चेहरा हाच तुकोबांचा चेहरा होऊन बसला; लोकांनी त्यांच्या तसबिरी देवघरात लावल्या. याच चित्रपटातले ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवले यांचे गीतही तुकोबांचाच अभंग म्हणून महाराष्ट्रभर म्हटले जाते, तेव्हा नक्कल आणि अस्सल यांची गल्लत एकट्या पागनिसांपुरती राहिली नाही.

आता जरा आमच्या बाजूला येतो. १९३० च्या दशकात नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती आणि आज मध्य प्रदेशात असलेली पुष्कळ गावे तेव्हा नागपूरच्या सचिवालयाला उत्तर देत होती. खंडवा त्यांपैकी एक. खंडव्यात वाढलेले कुमुदलाल गांगुली वकिलीचा अभ्यास सोडून मुंबईत आले ते नट होण्यासाठी नव्हे. मेहुणे शशधर मुखर्जी बॉम्बे टॉकीजमध्ये होते, त्यांच्या ओळखीने ते प्रयोगशाळेत कामाला लागले. ‘जीवन नैया’चा नायक नजमुल हसन नायिका देविका राणींनाच घेऊन निघून गेला. देविका राणी परत आल्या, हसन यांना बॉम्बे टॉकीजचे मालक आणि देविका राणींचे पती हिमांशू राय यांनी दारात उभे केले नाही, आणि नायकाची जागा प्रयोगशाळेतल्या मुलाला मिळाली. जर्मन दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन यांना त्याचा जबडा पसंत नव्हता. रायसाहेबांच्या हुकुमापुढे इलाज नव्हता. कुमुदलालचा अशोक कुमार झाला आणि १९३६ मध्येच ‘अछूत कन्या’ने तो घरोघर पोहोचला. नाटकाची तालीम नसल्याने तो घरात बोलतो तसाच पडद्यावर बोलला. हिंदी पडद्यावर साधे बोलणे आले त्यात या अननुभवाचा मोठा वाटा आहे.

त्याच प्रांतातल्या नरसिंहपूरचे चंद्रमोहन. १९३४ च्या ‘अमृत मंथन’मध्ये शांतारामांनी त्यांचे घारे डोळे पडदाभर दाखवले आणि राजगुरूची दहशत त्या डोळ्यांनीच उभी राहिली. के. आसिफ यांनी १९४० च्या दशकात ‘मुघल-ए-आझम’ हाती घेतला, तेव्हा अकबर म्हणून याच चंद्रमोहन यांना घेतले होते, सलीम म्हणून सप्रू यांना आणि अनारकली म्हणून नर्गिस यांना. फाळणीनंतर पैसा पुरवणारे शिराझ अली हकीम पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले आणि तो चित्रपट तिथेच मोडला. १९६० मध्ये आपण पाहिला तो पृथ्वीराज, दिलीप कुमार आणि मधुबाला यांचा. दिलीप कुमारांना आसिफ यांनी सलीमसाठी पहिल्या खेपेला नापसंत केले होते. चंद्रमोहन जगते तर अकबर डोळ्यांनी धाक घालणारा झाला असता. पृथ्वीराजांनी तो छातीने आणि आवाजाने घातला. मला स्वतःला तो न झालेला अकबर पाहायची फार इच्छा आहे.

नागपूरचे म्हणून जे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, ते वसंतराव देशपांडे यांचे. सिव्हिल लाइन्समधल्या देशपांडे सभागृहात आपण लग्नाच्या स्वागतसमारंभापासून ‘गाढवाचं लग्न’पर्यंत सगळे पाहतो, ज्यांच्या नावाचे ते सभागृह आहे, ते नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकत असताना भालजी पेंढारकर यांच्या नजरेत भरले आणि ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाले. गाणारा, चुणचुणीत मुलगा हवा होता आणि तो सप्रे गुरुजींच्या शिष्यांत मिळाला. मोठेपणी वसंतराव सरकारी नोकरीत रमले, गाणे चालू राहिले, चित्रपट सुटला. पुढे नागपूरचेच पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिले आणि डिसेंबर १९६७ मध्ये ते रंगभूमीवर आले, तेव्हा खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांशिवाय कोणी करू शकला असता असे आज कोणालाच वाटत नाही. त्या भूमिकेत गाणे हीच नाट्याची मुख्य कृती आहे. स्पर्धा हरणे, जिंकणे, द्वेष करणे सगळे तानांतून घडते. ज्याला तान घेता येत नाही, त्याला तो द्वेषही करता येत नाही. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट झाला तेव्हा खाँसाहेब सचिन पिळगावकर झाले आणि त्यांचा गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा होता. पंडितजींच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन हे गायकच घेतले. एकाच चित्रपटात दोन वेगवेगळे तोडगे. सचिन यांनी काम समजून केले आहे, परंतु तान सुरू झाली की मी नकळत डोळे मिटतो, आणि हे चित्रपटासाठी चांगले लक्षण नव्हे.

पार्श्वगायनाने गळ्याची अट गेली, तशी बाजाराची अट आली. चित्रपटधंद्यात आजही आमच्या मुलखाला ‘सीपी बेरार’, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड, म्हणतात. प्रांत केव्हाच संपला, वितरणाच्या नकाशावर तो जिवंत आहे. या सर्किटच्या, म्हणजे वितरणक्षेत्राच्या, कचेऱ्या प्रामुख्याने अमरावतीला आणि भुसावळला असत. माझे थोरले मामा अमरावतीला अशाच एका वितरकाकडे हिशेब लिहीत. टॉकीजवाल्यांकडून रोजचा डी.सी.आर., म्हणजे गल्ल्याचा हिशेब, यायचा, रिळांच्या पेट्या रेल्वेने आणि एसटीने एका गावाहून दुसऱ्या गावी जायच्या, आणि नव्या चित्रपटाचा सौदा करायला निर्मात्याचा माणूस आला की शेटजी कथा ऐकण्याच्या भानगडीत पडत नसत. मामा त्यांची नक्कल करायचे: “पोस्टरवर कोन हाय थे आंदी सांग, गोष्ट मंग सांगजो.” वितरकाने दिलेल्या आगाऊ रकमेवर चित्रपट पुरा होत असे, म्हणून नायकाचे नाव हे शेवटी अमरावतीच्या गादीवरही ठरत होते.

हे ध्यानात ठेवले की ‘जंजीर’ची गोष्ट निराळी दिसते. धर्मेंद्र, देव आनंद, राजकुमार यांच्याकडे फिरून ती भूमिका १९७३ मध्ये अमिताभ बच्चन यांच्याकडे आली. त्यांचे चित्रपट तोवर एकामागून एक पडलेले, म्हणजे सर्किटच्या हिशेबात त्यांची किंमत जवळपास शून्य. सलीम-जावेद यांनी ‘बॉम्बे टू गोवा’ पाहून त्यांचे नाव सुचवले. मुमताज लग्नामुळे बाजूला झाल्या, त्यांच्या जागी जया भादुरी आल्या. या चित्रपटात नायक गात नाही. ‘यारी है ईमान मेरा’ प्राण यांच्यावर आहे आणि ‘दीवाने हैं दीवानों को’ रस्त्यावरचे गायक म्हणतात, त्यांतले एक तर स्वतः गीतकार गुलशन बावरा. नावारूपाला आलेल्या नायकाला हे चालले नसते, त्याच्या वाट्याला दोन गाणी घालावीच लागली असती. ज्याच्यापाशी नाव नव्हते, त्याच्याकडे गप्प राहायची मुभा होती आणि त्या गप्प राहण्यातूनच पुढची दहा-पंधरा वर्षे चाललेला नायक निघाला.

‘शोले’चे किस्से मी फार लांबवत नाही, कारण ते सर्वांनाच पाठ आहेत. डॅनी डेन्झोंग्पा ‘धर्मात्मा’साठी अफगाणिस्तानात अडकले म्हणून गब्बर अमजद खान यांच्याकडे गेला, इथवर ठीक. धर्मेंद्रांना ठाकूर व्हायचे होते, मग ‘वीरू संजीव कुमार होईल आणि हेमा मालिनी त्याला मिळेल’ असे सांगताच ते मुकाट्याने वीरू झाले, हा किस्सा जरा जास्तच घोटीव आहे. तो सांगणाऱ्यांनी वर्षानुवर्षे चकाकवत नेला असावा. माझे लक्ष दुसरीकडे जाते. अमजद यांचा आवाज दरोडेखोराला शोभेल असा भारी नाही, अशी शंका सेटवर होती. तो आवाज तसाच राहिला आणि गब्बर ओरडण्याऐवजी रेंगाळत, तंबाखू चघळत, मध्येच हसत बोलू लागला. भारी आवाजाचा डाकू त्याआधी शंभरदा होऊन गेला होता. त्याच्यासमोर थरथरणारा कालिया झाले विजू खोटे. मराठी रंगभूमीवरचे हे विजू खोटे दुर्गा खोटे यांच्या सासरच्या घराण्यातले, त्यांचे पुतणे.

मराठीत अशीच किमया निळू फुले यांची. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, एके काळी पुण्यात माळीकाम केलेला हा समाजवादी कार्यकर्ता १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’मध्ये झेलेअण्णा झाला, आणि १९७४ च्या ‘सामना’मध्ये हिंदुराव धोंडे पाटील. समोर मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, जे पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि ज्यांना पडद्यावर शांतारामांनी ‘पिंजरा’तून आणले. ज्या सत्तेविरुद्ध निळूभाऊ कलापथकातून बोलत होते, ती सत्ता त्यांनी इतक्या जवळून न्याहाळलेली होती की त्यांना आवाज चढवावा लागत नाही.

राजकुमार हिराणी हे नागपूरचे म्हणून ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’चा उल्लेख करायलाच हवा. मुन्ना मुळात शाहरुख खान होणार होते, पाठीच्या दुखण्यामुळे ते जमले नाही. संजय दत्त आधी झहीरच्या लहान भूमिकेसाठी ठरले होते, ते मुन्ना झाले. मुन्नाचा साथीदार ‘सर्किट’ याच्या भूमिकेसाठी मकरंद देशपांडे यांना विचारले होते. अर्शद वारसी आले आणि कागदावर जेमतेम असलेली ती भूमिका त्यांनी भरून काढली.

मात्र नागपूरची माणसे पडद्यावर नागपूरचीच म्हणून यायला फार वेळ लागला. मराठी चित्रपटात आणि मालिकांत वऱ्हाडी बोलणारे पात्र म्हणजे हसवणारे पात्र, हा संकेत इतका घट्ट बसला आहे की आमच्या बोलीत कोणी प्रेम करतो, मरतो किंवा भाषण करतो, हे पात्रे निवडणाऱ्यांच्या गावीच नसते. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’साठी केम गावातला हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे शोधला, त्याच पद्धतीने ‘झुंड’साठी नागपूरच्या वस्त्यांमधली मुले घेतली. अंकुश गेडाम त्यांतलाच. त्यांचे ‘अबे’ आणि ‘बे’ त्यांनी कोणाच्या तालमीत शिकलेले नाही, आणि त्या बोलण्यात राग आहे, लाज आहे, थट्टाही आहे. वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणारे नागपूरचे विजय बारसे यांच्यावर बेतलेल्या भूमिकेत अमिताभ बच्चन होते, कारण २०२२ मध्येही पोस्टरवर एक नाव लागतेच. मामांच्या शेटजींचा प्रश्न अजून कालबाह्य झालेला नाही.

चैतन्य ताम्हाणे यांनी २०१४ च्या ‘कोर्ट’मध्ये तो प्रश्नच बाजूला ठेवला. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या भूमिकेत त्यांनी नागपूरचे वीरा साथीदार यांना घेतले, जे आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक होते. गटार साफ करणाऱ्या कामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप या शाहिरावर असतो. कसलेल्या गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील म्हणून समोर उभ्या आहेत आणि साथीदार कठड्यात बहुतेक वेळ गप्प. प्रश्न विचारला तर तुटक उत्तर देतात, तेही अशा कंटाळलेल्या स्वरात की हा माणूस पोलीस ठाण्यात आणि कचेऱ्यांत आयुष्यभर असाच उभा राहिला असणार याची खात्री पटते. मंचावर मात्र तेच साथीदार असे गर्जतात की कठड्यातला माणूस हाच का, असे वाटावे. एखाद्या नामवंत नटाने कठड्यातही काहीतरी करून दाखवले असते. ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, भारतातर्फे तो ऑस्करला गेला, आणि त्यानंतरही विदर्भातल्या मुलांना ऑडिशनला बोलावून ‘जरा वऱ्हाडीत काहीतरी गमतीचं करून दाखवा’ असेच सांगितले जाते. माझ्या परिचयातला एक तरुण नट गेल्या वर्षी अशाच एका ऑडिशनला जाऊन आला. त्याने बापाच्या मरणाचा प्रसंग निवडला होता, आमच्याच बोलीत. निवडणारे हसले आणि म्हणाले, छान, आता गंभीर काही असेल तर प्रमाण मराठीत दाखवा.